हळद, बाशिंग आणि पापणीवरचा रंग

निपाणीतल्या एका ब्युटी पार्लरच्या भिंतीवर आयशॅडोचा तक्ता लावलेला आहे. निळ्या डोळ्यांना तांबूस छटा, हिरव्यांना जांभळी, करड्यांना राखी अशी यादी, आणि सगळ्यात खाली तपकिरी डोळे. त्यांच्यापुढे लिहिलंय, ‘कुठलाही रंग चालेल.’ पार्लर चालवणाऱ्या अक्का त्या ओळीवर बोट ठेवून हसतात. “आमच्याकडं येणाऱ्या सगळ्या ह्या खालच्या ओळीतल्या. मग तक्त्यानं मला सांगितलं काय? काही नाही. भिंत तेवढी झाकली.”

क्वचित एखादी घाऱ्या डोळ्यांची नवरी येते, तेव्हा तक्ता कामाला येतो. बाकी सगळी बुबुळं काळी नाहीतर गडद तपकिरी. तरीही एकीला शोभलेला रंग दुसरीला आजारी दाखवतो. त्याअर्थी रंग बुबुळावरून ठरत नाही. मग कशावरून ठरतो, हे पाहायला मी लग्नसराईत अक्कांच्या मागून फिरले. मुलगी निपाणीची आणि कार्यालय दूधगंगेपलीकडे कागलला, किंवा मुलगी गडहिंग्लजची आणि लग्न बेळगावात टिळकवाडीला, असं इकडं सारखं चालतं. सीमा आडवी येते ती फक्त टोलनाक्यावर. पत्रिका मराठीत, सासरकडची मंडळी आपसात कानडीत, आणि अक्षता भर दुपारच्या. म्हणजे अक्कांची पेटी पहाटे अंधारातच गाडीत चढते.

नवरी खुर्चीवर बसली की अक्का आधी तिची पापणी पाहतात, तीही बोट न लावता, खिडकीकडे तोंड करून. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. खालच्या शिरा तिच्यातून डोकावतात, आणि आपल्याकडच्या बहुतेकींची पापणी गालापेक्षा एक-दोन छटांनी गडद असते. अशा कातडीवर थेट फिकट गुलाबी ओढला तर तो गुलाबी राहतच नाही, राखाडी होतो. फिकट शेडमध्ये टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी भरपूर असते, आणि गडद पृष्ठभागावर पांढऱ्याचा पातळ थर बसला की तो निळसर दिसू लागतो. म्हणून पहिला हात नारिंगी करेक्टरचा, कारण निळसर झाक मारायला नारिंगीच लागतो. त्यावर कातडीच्या रंगाचा कन्सीलर, अगदी थोडा, मग कोरडी पावडर. इथपर्यंत रंगाचा पत्ताच नसतो. बघणाऱ्या मावश्यांना वाटतं अजून काही सुरूच झालेलं नाही. माझ्या मते मात्र निम्मं काम इथे झालेलं असतं, आणि घरी आयशॅडो लावणाऱ्या बहुतेकजणी नेमकी हीच पायरी वगळतात.

दुसरी गोष्ट हळदीची. ही कुठल्याच परदेशी तक्त्यात सापडायची नाही. आदल्या दिवशी नवरीला हळद लागते, नुसती शास्त्रापुरती नाही, चुलत्या-मावश्या मिळून चोळून लावतात. दुसऱ्या दिवशी कातडी उजळ दिसते ती खरी म्हणजे पिवळी झालेली असते. कानामागे, भुवईच्या केसांच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात हळद टिकून राहते. महिनाभर आधी ट्रायलला जी चंदेरी-गुलाबी छटा गोड दिसली होती ती या पिवळ्यावर वेगळी पडते, चिकटवल्यासारखी. तांब्याचा, विटकरी, मेंदीचा हिरवा, जुन्या सोन्याचा हे रंग मात्र त्या पिवळ्यात मिसळून जातात. अक्कांनी यावर आपली युक्ती काढली आहे. ट्रायलच्या दिवशी त्या मुलीच्या एका बाजूला, भुवईपासून गालापर्यंत, हळद लावायला सांगतात, धुवायला सांगतात आणि मग दोन्ही बाजूंना तोच रंग लावून आरशात दाखवतात. “मी सांगून पटत नाही. अर्धं तोंड बघितलं की पटतं.”

यानंतर घडी. डोळा उघडा असताना पापणी किती दिसते यावर सगळं ठरतं. काहींची पापणी मोठी, रंगाला ऐसपैस जागा. काहींचे डोळे खोल, तिथे घडीत गडद रंग भरला की डोळा आणखीच आत जातो. काहींच्या भुवईखालची कातडी पापणीवर उतरलेली असते आणि डोळा उघडला की केलेलं सगळं त्या पडद्याआड जातं. अशा वेळी डोळा मिटवून घडी शोधायची नाही. नवरीने समोर सरळ बघायचं, भुवया न उचलता, आणि अक्का ब्रशच्या टोकाने खऱ्या घडीच्या किंचित वर एक पुसट खूण करतात. कातडीपेक्षा थोडा गडद, बिनचमकीचा रंग तिथवर चढवायचा. नवी शिकणारी पोर इथे हमखास चुकते, कारण मिटलेल्या डोळ्यावर रंगवणं सोपं असतं.

पण अक्कांचं काम या खुणेपाशी संपत नाही. लग्नातले नवरीचे फोटो आठवा. अंतरपाटाआड ती खाली बघते. अक्षता पडतात तेव्हा डोळे मिटते. हार घालताना, पाया पडताना, मंगळसूत्र बांधून घेताना नजर खालीच. म्हणजे एरवी लपणारी सगळी पापणी, शेवटच्या मिलिमीटरपर्यंत, त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उघडी असते. उघड्या डोळ्याचं गणित वेगळं आणि झुकलेल्या नजरेचं वेगळं, आणि दोन्ही एकाच रंगात बसवायची. त्यामुळे पापणीवर कुठेही रेघ दिसता कामा नये. स्वच्छ, मऊ ब्रश शेपटाकडे धरून, रंग न घेता, कडेवर नुसता फिरवत राहायचा. ब्रश पुढे धरला की दाब वाढतो आणि डाग पडतो. रंग भरण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ या पुसण्यात जातो. बघायला कंटाळवाणं आहे, मीही मध्येच चहा प्यायला उठले.

त्यात बाशिंग. निपाणी-बेळगावकडे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत बाशिंग बांधतात, आणि ते कपाळावर बसलं की भुवईपर्यंत सावली उतरते. भुवईच्या हाडावर चमक लावायची म्हणून व्हिडिओत जे शिकवतात ते इथे बाशिंगाखाली वाया जातं. अक्का तिथली चमक काढून घेतात आणि बुबुळाच्या बरोबर वर, पापणीच्या मध्यावर ठेवतात. ती ब्रशने नाही, अनामिकेने, टेकवून. बोटाच्या उबेने चमकीचे कण बसतात, ब्रशने ते गालावर सांडतात. तरीही काही सांडतंच, म्हणून डोळे आधी करायचे आणि फाउंडेशन नंतर.

उजेडाचं काय? खोलीत ट्यूबलाइट, बाहेर मे महिन्याचं ऊन, स्टेजवर व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा. सगळ्यात फसवं असतं मांडवाचं कापडी छत. गुलाबी कापडातून गाळून आलेल्या उन्हात हिरव्या छटा मळकट होतात, निळ्या छताखाली सगळे तपकिरी रंग विझतात. अक्का घरच्यांना मेनू विचारत नाहीत, छताच्या कापडाचा रंग विचारतात. लोकांना वाटतं ही बाई विक्षिप्त आहे.

साडीशी जुळणारा रंग हवा हा हट्ट बहुतेक आयांचा असतो. शालू हिरवा म्हणून पापणी हिरवी. अक्का काठाकडे बघतात, जरीतला तांबूस उचलतात, आणि हिरवा द्यायचाच झाला तर खालच्या पापणीच्या कडेला बोटभरही नाही इतका. इथे मला शेव्हरूल आठवला. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत तो रंगाईचा प्रमुख होता. काळं सूत फिकं पडतं अशी विणकरांची तक्रार आली. त्याने तपासलं तर सुतात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे ते तसं दिसत होतं. 1839 साली त्याने यावर अख्खा ग्रंथ लिहिला. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांना काठ आणि अंगाचा रंग जमवताना हाच प्रश्न रोज पडतो. तपकिरी हा गडद नारिंगीच, रंगचक्रात त्याच्या समोरचा रंग निळा. म्हणून पापण्यांच्या मुळाशी काळ्याऐवजी गडद निळ्या पेन्सिलची रेघ ओढली की बुबुळातला तपकिरी उबदार होऊन वर येतो. कुणाला निळा दिसतही नाही. मला हा सगळ्या कामातला सर्वांत हुशार भाग वाटला. सासूबाईंनी तर काजळ छान आहे म्हणून सांगितलं.

डब्यातल्या वड्यांत असतं तरी काय? तपकिरी, विटकरी, पिवळसर छटा लोहाच्या ऑक्साइडच्या, गेरूच्याच नात्यातल्या. चमक अभ्रकाची. अभ्रकाच्या पातळ कणावर टिटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला की त्या थराच्या जाडीप्रमाणे सोनेरी, तांबूस, निळी अशी झाक उमटते. यातलं बरंच अभ्रक झारखंड-बिहारच्या पट्ट्यातून येतं आणि तिथे लहान मुलं ते वेचतात हे वारंवार उघड झालं आहे. हे कुणी पार्लरमध्ये विचारत नाही. कार्माइनचं मात्र विचारतात. निपाणी, चिकोडी, बेळगाव भागात जैन घरं पुष्कळ. लाल-जांभळ्या छटांत वापरला जाणारा कार्माइन कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात हे अलीकडच्या मुलींना ठाऊक असतं. एका नवरीने पॅलेट उलटं करून बारीक अक्षरांत 75470 हा कार्माइनचा आकडा शोधला आणि डबा परत दिला. अक्कांनी तिला लोह-ऑक्साइडचा विटकरी आणि मॅंगनीज व्हायोलेटचा जांभळा काढून दिला. बाजारात हस्तकलेसाठी मिळणारी चमकी डोळ्यांवर लावू नये, तिच्या कडा टोकदार असतात आणि बुबुळावर ओरखडा काढू शकतात, हे त्या प्रत्येक करवलीला बजावतात. करवल्या ऐकत नाहीत.

तसा हा मुलूख रंगभूषेला नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच बेळगाव जिल्ह्यातलं. त्यांचं संगीत शाकुंतल 1880 साली पुण्यात रंगमंचावर आलं, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत. दिव्यांच्या उजेडात मागच्या ओळीपर्यंत डोळा पोचवायचा तर तो ठळकच काढावा लागे. आज प्रेक्षक वीतभर अंतरावर मोबाइल धरून उभा असतो. ठळकपणा त्याला भडक दिसतो. तरी आया म्हणतात, “पैसे दिलेत, तर थोडं उठून दिसू दे की.” आणि सासरकडची एखादी कानडी आत्या दारातूनच म्हणते, “साकु, साकु!” म्हणजे पुरे. अक्का दोघींकडे बघून मान हलवतात आणि ब्रश फिरवत राहतात.

अक्षतांच्या आधी देवीचा भंडारा लागतो. सौंदत्तीची यल्लम्मा ज्यांचं कुलदैवत आहे त्या घरात म्हातारी मूठ भरून भंडारा कपाळाला लावते आणि त्यातला चिमूटभर पापणीवर उतरतोच. झटकायचा नाही, झटकला की पसरतो. कोरड्या, फुगीर ब्रशने वरच्यावर उडवायचा. देवीचा म्हणून पुसतही नाहीत, नुसता हलवतात, त्यामुळे कुणी रागवत नाही. होमाच्या धुराने आणि पाठवणीच्या रडण्याने पुढची परीक्षा होते. अक्कांची सूचना एकच. डोळे पुसायचे नाहीत, रुमालाचं टोक पापणीच्या कडेला नुसतं टेकवायचं. रात्री काढताना खोबरेल लावलेला कापूस मिटल्या डोळ्यावर थोडा वेळ धरून ठेवायचा, घासायचं नाही.

एकदाच मी अक्कांना साफ नाही म्हणताना पाहिलं. नवरीच्या धाकट्या बहिणीचे डोळे आले होते, लाल, चिकट, पाणी गळणारे. तिला नवरीसारखेच तांबूस डोळे हवे होते. अक्कांनी पेटी बंद करून मांडीवर घेतली. एका ब्रशने सगळ्या घराला डोळे येतील, म्हणाल्या. पोरगी रुसली, आईने मध्यस्थी केली, मामाने पैसे वाढवून देऊ म्हटलं. पेटी उघडली नाही. शेवटी मामाने आपला काळा गॉगल काढून तिला दिला. तो घालूनच ती अक्षतांना उभी राहिली, आणि पुढे तिच्या दोन मैत्रिणींनीही गॉगल मागवले.