बोटातला मंद उजेड

कोरोनाच्या काळात चिमट्यासारखे एक छोटे यंत्र घरोघरी पोहोचले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा दारी येणाऱ्या पथकांच्या हातातही ते होते. बोट आत घातले की आकडा उमटे. ९७ आला की घर हायसे वाटून घेई, ८५ आला की धावाधाव. मी बी.ए. झालेला, शब्दांत रमणारा माणूस. पण ज्या आकड्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो तो बोटातून निघतो कसा, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

या पल्स ऑक्सिमीटरची मूळ कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७४ सालची. चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू वाहणारे रक्त लाल उजेड कमी शोषते आणि अवरक्त जास्त. प्राणवायू नसलेल्या रक्ताचे याच्या उलट. समोर फोटोडायोड नावाचा प्रकाशाचा पहारेकरी बसलेला असतो. हाड-मांस-कातडीतून गाळून आलेल्या उजेडात नाडीच्या ठोक्यागणिक पडणारा फरक जेमतेम एक-दोन टक्क्यांचा. तेवढाच आपल्या कामाचा.

फोटोडायोड या उजेडाची वीज करतो, पण ती अगदी क्षीण असते. समजा, ती एक मायक्रोअँपियर आहे, म्हणजे अँपियरचा दहा लाखावा भाग. अॅम्प्लिफायरच्या जोडणीत ती दहा लाख ओहमच्या रेझिस्टरमधून नेली की एक व्होल्ट मिळतो. झाले काम, असे आपल्याला वाटेल. पण रेझिस्टर स्वतःच कुजबुजत असतो! उष्णतेमुळे त्यातले इलेक्ट्रॉन सतत चुळबुळत असतात. जॉन्सन आणि नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये ही कुजबुज मोजून आणि गणिताने मांडून दाखवली.

गंमत अशी, की रेझिस्टर चौपट मोठा केला तर हवा तो संकेत चौपट होतो, गोंगाट मात्र दुप्पटच. मग तो वाढवतच का नेऊ नये? कारण फोटोडायोडच्या अंगी थोडी वीज साठवून धरण्याचा गुण असतो. रेझिस्टर जितका मोठा, तितके मंडल सुस्त. आणि इथे दिवे तर सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करत असतात. शिवाय खोलीतल्या उजेडानेच अॅम्प्लिफायर काठोकाठ भरून जाईल. म्हणून अभियंता मध्यम मार्ग काढतो, आणि मंडल सभेतल्या माइकसारखे शीळ घालू नये म्हणून रेझिस्टरला समांतर एक चिमुकला कपॅसिटर जोडतो.

दुसरा गोंगाट खुद्द उजेडाचा. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे प्रकाशाचे कण विस्कळीत येतात. उजेड शंभरपट झाला तर हा गोंगाट दहापटच वाढतो. म्हणून पहिली गरज भरपूर उजेडाची. तिसरा गोंगाट ट्यूबलाइटचा. त्यावर उपाय साधा आहे : दोन्ही दिवे क्षणभर विझवायचे, बाहेरचा उजेड मोजायचा आणि वजा करायचा. एक नियम मात्र कठोर आहे. पहिल्याच पायरीवर गोंगाटात जे बुडाले, ते पुढे कितीही मोठे केले तरी गोंगाटासकटच मोठे होते.

आता मुद्द्याची गोष्ट. गडद त्वचेतून उजेड कमी पार होतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली निघाला, असे कृष्णवर्णीयांच्या बाबतीत १०० पैकी सुमारे १२ वेळा आढळले. श्वेतवर्णीयांच्या बाबतीत सुमारे ४ वेळा. हा दोष केवळ गोंगाटाचा नव्हे. यंत्राचे आकडे ज्या माणसांवर बेतायचे, त्यांत सावळी-काळी माणसे पुरेशी नसतील, तर उत्तम अॅम्प्लिफायरही चुकीचेच उत्तर स्वच्छ आवाजात सांगेल. आपल्यासारख्या नाना रंगांच्या देशात ही गोष्ट दूरची नाही.

तेव्हा यंत्र लावताना नखांचा रंग पुसा, बोट गरम ठेवा, हात हलवू नका. आणि आकडा चांगला असूनही आपल्या माणसाला धाप लागत असेल, तर आकड्यावर विसंबून न राहता डॉक्टर गाठा. त्या धापेचे म्हणणे आधी ऐका.