स्टाइनवेग ते स्टाइनवे : एका सुतार घराण्याची वाटचाल

मैफलींच्या रंगमंचावर मानाने मिरवणाऱ्या स्टाइनवे पियानोचे श्रेय बहुतेक वेळा एकट्या हाइनरिखला दिले जाते. तो त्याचा हक्कही आहे. मात्र या घराण्याची वंशावळ पाहिली, की कोणता मुलगा कुठे राहिला आणि कोण अकाली गेला, यावर कारखान्याचे वळण ठरत गेलेले दिसते.

स्वयंपाकघरातला पियानो

हाइनरिख एंगेलहार्ड स्टाइनवेग १७९७ मध्ये हार्ट्स डोंगरातल्या वोल्फ्सहागेन गावी जन्मला. लहानपणीच पोरका झाला. पुढे सुतारकाम शिकून त्याने झेझेन गावात बस्तान बसवले, १८२५ मध्ये युलियाने थीमरशी लग्न केले आणि १८३६ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात आपला पहिला ग्रँड पियानो जोडला. तरुणपणी तो वॉटर्लूच्या लढाईत बिगुल वाजवत होता, असे घराण्यात सांगत आले आहेत. अशा आठवणी टाकून देऊ नयेत; फक्त वंशावळ लिहिताना त्या कागदोपत्री नोंदींपासून वेगळ्या ठेवाव्यात.

अमेरिकेची वाट

१८४८ च्या क्रांतीने जर्मन संस्थाने हादरली. दुसरा मुलगा कार्ल १८४९ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि १८५० च्या उन्हाळ्यात आईवडील व भावंडे त्याच्या मागोमाग पोहोचली. थोरला थिओडोर मात्र जर्मनीतला धंदा सांभाळायला मागे राहिला. न्यूयॉर्कमध्ये बापलेकांनी लगेच आपले दुकान थाटले नाही. आधी दुसऱ्यांच्या पियानो कारखान्यांत मजुरी करून त्यांनी तिथली कामाची रीत आणि बाजार समजून घेतला. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण हाइनरिख तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, स्वतःचे नाव कमावलेला कारागीर होता.

५ मार्च १८५३ रोजी मॅनहटनमध्ये 'स्टाइनवे अँड सन्स' सुरू झाली. तिथे विकलेल्या पहिल्या पियानोचा क्रमांक होता ४८३. आधीचे ४८२ जर्मनीत तयार झाले, असे धरून त्यांनी मोजणी पुढे चालू ठेवली. कुटुंबाचे आडनाव कायद्याने बदलले ते पुढे, १८६४ मध्ये. त्यामुळे या घराण्याचा शोध घेणाऱ्याला दोन्ही आडनावे आणि हाइनरिख-हेन्री, कार्ल-चार्ल्स अशा नावांच्या जोड्या हाताशी ठेवाव्या लागतात.

मुलांचे हात

हाइनरिखच्या मुलाने, धाकट्या हेन्रीने, १८५९ मध्ये ग्रँड पियानोत तारा तिरप्या ओलांडून बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. खर्जाच्या तारा इतर तारांच्या वरून आडव्या गेल्या, की तेवढ्याच पेटीत अधिक लांबीच्या तारा मावतात आणि त्यांचा आधार साउंडबोर्डच्या कडेऐवजी मध्याकडे येतो. आवाज भरदार होतो. तारांचा प्रचंड ताण पेलायला ओतीव लोखंडाची एकसंध चौकट होतीच.

मग मार्च १८६५ मध्ये घराण्यावर आघात झाला. हेन्री क्षयाने गेला आणि तीन आठवड्यांच्या आत चार्ल्सही गेला. म्हाताऱ्या बापाने हाक दिली ती जर्मनीतल्या थोरल्याला. थिओडोरने तिथला आपला ब्राउनश्वाइगचा कारखाना ग्रोट्रियान आणि त्याच्या दोन भागीदारांना विकला व तो न्यूयॉर्कला आला. त्याला ध्वनिशास्त्राची जाण होती आणि आधुनिक पियानोची बरीचशी रचना त्याच्या पेटंटांतून पक्की झाली. दोन भावांच्या मृत्यूने त्याला समुद्रापार आणले नसते, तर हे काम कदाचित ब्राउनश्वाइगमध्ये झाले असते.

विल्यमची रोजनिशी

हाइनरिख १८७१ मध्ये वारला. व्यवहार त्याचा आणखी एक मुलगा विल्यम याच्या हाती होता. १८७० पासून त्याने क्वीन्समध्ये जमीन घेऊन कारखाना, ओतशाळा, कामगारांची घरे, शाळा असे गावच वसवले. त्यात कामगारांची सोय होती, तसाच त्यांना शहरातल्या संपांपासून दूर ठेवण्याचा हेतूही होता, आणि दोन्ही गोष्टी बरोबरीने सांगायला हव्यात. १८८० मध्ये हँबुर्गला कारखाना निघाला, म्हणजे धंदा पुन्हा जर्मनीत पोहोचला.

विल्यमने १८६१ ते १८९६ रोजनिशी लिहिली. सुमारे अडीच हजार पानांची ही नोंद आज स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. एखाद्या स्थलांतरित कारागीर कुटुंबाची इतकी सलग हकिकत क्वचितच हाती लागते.

नावाचा वाद

१९७२ मध्ये घराण्याने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली. त्याच दशकात ब्राउनश्वाइगचे ग्रोट्रियान आपल्या पियानोवर 'स्टाइनवेग' हे जुने नाव वापरत असल्याचा खटला अमेरिकेत चालला आणि १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने स्टाइनवेच्या बाजूने निकाल दिला.