सीसी म्हणजे नेमके काय?

डोंबिवलीच्या शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर कारखान्यात 1990च्या दशकात प्यूजो 309 तयार होत असे. ग्राहकाला दोन इंजिनांचा पर्याय होता: 1360 सीसी पेट्रोल किंवा 1527 सीसी डिझेल.

हे आकडे येतात कुठून? पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 75 मिलिमीटर आणि त्यात दट्ट्या वर-खाली सरकतो ते अंतर 77 मिलिमीटर. त्यावरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 340 घन सेंटिमीटर, म्हणजेच सीसी, येते. अशा चार सिलिंडरांचे मिळून 1360.

सीसी जास्त म्हणजे दर फेऱ्याला हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते. पण ताकद फेऱ्यांच्या वेगावरही ठरते. हवा दाबून भरणारा टर्बो नसलेले ते डिझेल इंजिन मोठे असूनही संथ फिरे; त्यामुळे त्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमीच होती.

एकाच गाडीचे सीसी देशानुसार वेगळे असू शकते. अमेरिकेत फोर्ड मस्टँग 2.3 लिटरच्या, म्हणजे सुमारे 2300 सीसीच्या, चार सिलिंडरांतही मिळत असे. 2016 साली भारतात आली ती मात्र फक्त आठ सिलिंडरांची, 4951 सीसीची.

घोडबंदर रोडच्या कोंडीत रोज गाडी चालवणाऱ्याने नुसत्या सीसीवर जाऊ नये. कमी फेऱ्यांवर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती मिळतो, हे आधी विचारावे.