ब्याण्णव म्हणजे निम्मी वाट

'रूनस्केप' या ऑनलाइन गेममध्ये स्वयंपाक, मासेमारी, लाकूडतोड अशी कौशल्ये शिकायची असतात आणि प्रत्येक कौशल्याच्या मुळात ९९ लेव्हल असतात. दुसरी लेव्हल गाठायला अनुभवाचे ८३ गुण लागतात. खेळाडू त्यांना 'एक्सपी' म्हणतात. नव्याण्णवाव्या लेव्हलसाठी लागतात १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. पन्नासाव्या लेव्हलला पोचलेल्या नवख्याला वाटते की अर्धे काम उरकले. त्याच्या गाठीला तेव्हा १ लाख १ हजार ३३३ गुण असतात, म्हणजे एकूण वाटेचा एक टक्काही झालेला नसतो. निम्मे गुण जमतात ते ब्याण्णवाव्या लेव्हलवर. गेमचे सूत्रच असे बांधले आहे की दर सात लेव्हलनंतर पुढच्या पायरीची किंमत साधारण दुप्पट होते.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची सगळी कारागिरी या आकड्यांभोवती फिरते. हजारो माणसांनी महिनोन्‌महिने एका जगात राहावे, तर पायऱ्या लांब हव्यात. पण नुसत्या लांब पायऱ्या कोणी चढत नाही. चढणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि ते कारण म्हणजे क्वेस्ट: कोणीतरी काम सांगते, आपण ते करतो, बक्षीस मिळते. माझ्या मते या गेमची प्रतवारी त्यांच्या चित्रांवरून किंवा युद्धांवरून करू नये. काम सांगणाऱ्याला खेळाडूला कुठेतरी न्यायचे होते, की फक्त त्याचा वेळ भरून काढायचा होता, हे पाहावे.

याची सुरुवात झाली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तिथल्या पीडीपी-१० संगणकावर 'मड' हा गेम लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो पुरा केला. चित्र एकही नव्हते, सगळे शब्दांत. खजिना शोधायचा, तो दलदलीत नेऊन टाकायचा, गुण मिळवायचे आणि एकेक पदवी चढत शेवटी 'जादूगार' व्हायचे. जादूगार झालेल्याला गेम चालवण्याचे अधिकार मिळत. त्याच्यापुरता खेळ तिथे संपे. या चढणीमागे विचार होता. बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की ब्रिटनमध्ये माणूस कोणत्या घरात जन्मला यावर त्याचे पुढचे सगळे ठरत असे. जिथे फक्त स्वतःच्या कर्तृत्वावर वर जाता येईल असे जग त्यांना उभे करायचे होते. लेव्हल ही आज बाजारू वाटणारी कल्पना तिच्या जन्मवेळी एक सामाजिक मागणी होती, हे विसरता कामा नये.

पुढे कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये 'डिकूमड' लिहिला. त्याचा भर राक्षस मारण्यावर आणि लेव्हल चढवण्यावर होता. मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने तोच साचा त्रिमिती चित्रांत आणला. नावात क्वेस्ट असली तरी खेळाडूचा बहुतेक वेळ एका जागी तळ ठोकून, तेच प्राणी पुन्हा पुन्हा मारण्यात जाई. खेळाडूंच्या भाषेत ग्राइंड. मेलात तर कमावलेले गुणही कमी होत. बार्टल यांच्या गेममधला शेवट या पिढीत नाहीसा झाला. दरमहा वर्गणी घेणाऱ्या गेमला शेवट परवडत नव्हता.

मग २३ नोव्हेंबर २००४ रोजी ब्लिझार्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्याच्या घडणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूळ बेत असा होता की सुरुवातीच्या काही लेव्हलपुरत्या क्वेस्ट द्यायच्या, खेळाडू रुळला की पुढे तो आपला आपण ग्राइंड करील. पण कंपनीतल्याच लोकांनी खेळून पाहिले आणि क्वेस्ट संपताच त्यांना गेम मोडल्यासारखा वाटू लागला. एकदा सोबत मिळाल्यावर एकट्याने चालणे नको झाले. शेवटी साठाव्या लेव्हलपर्यंतची सगळी वाट क्वेस्टनी भरून काढावी लागली.

याच गेमच्या चाचणीत आणखी एक धडा मिळाला. फार वेळ खेळत राहणाऱ्याचे गुण निम्मे करायचे, म्हणजे तो विश्रांती घेईल, असा नियम होता. खेळाडू भडकले. मग कंपनीने हिशेब तोच ठेवून बोलण्याची रीत बदलली: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण, बाकीच्यांना नेहमीचे. तक्रार थांबली. 'फायनल फँटसी १४'ने २०१० मध्ये थकव्याचा नियम कपातीच्या रूपातच आणला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. तो गेम इतर अनेक कारणांनीही कोसळला आणि २०१३ मध्ये नाओकी योशिदा यांच्या हाताखाली नव्याने बांधावा लागला.

पण आकड्यांची ही हुशारी म्हणजे रचना नव्हे. रचना पाहायची तर वॉरक्राफ्टमधल्या वेस्टफॉलला जावे. उजाड शेते, पडकी घरे, आणि तोंडाला लाल फडकी बांधलेले डिफायस टोळीचे लुटारू. सेंटिनेल हिल या चौकीवरचा ग्रायन स्टाउटमँटल तुम्हाला त्यांच्या मागावर धाडतो. धागा धरून तुम्ही शेजारच्या रेडरिजमधल्या सरोवरकाठच्या गावी जाता, मग राजधानी स्टॉर्मविंडमधल्या हेरांच्या प्रमुखाकडे, आणि पुन्हा चौकीवर. नंतर टोळीतल्या एका फितुराला सांभाळत नेता. तो वाटेत मेला तर सगळे पहिल्यापासून. तो मूनब्रूक या ओसाड गावात लपलेल्या खाणीचे तोंड दाखवतो. आत पाच जणांनी मिळून एडविन व्हॅनक्लीफला मारायचे.

हा व्हॅनक्लीफ गवंडी आहे. युद्धात बेचिराख झालेले स्टॉर्मविंड त्याने आणि त्याच्या संघाने पुन्हा बांधले आणि सरदारांनी ठरलेली मजुरी दिली नाही. लुटारू म्हणून तुम्ही ज्यांना मारत आलात ते पैसे बुडालेले कारागीर होते. त्याच्या प्रेताजवळ न धाडलेले एक पत्र सापडते, शहरातल्या जुन्या सहकारी वास्तुकाराच्या नावे. ते पोचवायला तुम्ही परत त्याच शहरात शिरता, आणि ज्या भिंतींखालून कितीदा तरी गेलात त्या कोणी उभ्या केल्या हे आता ठाऊक असते. हेलपाटे तेच, गुणही नेहमीसारखेच. तरी खेळाडू बदलून बाहेर पडतो. ही क्वेस्ट लिहिणाऱ्यांना खेळाडूला कुठे न्यायचे आहे हे पक्के माहीत होते.

त्याच गेममध्ये उलट नमुनेही होते, आणि त्यांची जाहीर चिकित्सा जेफ कॅप्लन यांनी स्वतः केली. कॅप्लन हे एव्हरक्वेस्टमधल्या एका नामांकित गिल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या संघाचे, म्होरके. पुढे वॉरक्राफ्टच्या क्वेस्ट घडवणाऱ्यांपैकी एक. २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी 'ग्रीन हिल्स ऑफ स्ट्रँगलथॉर्न' या आपल्याच क्वेस्टला गेममधली सर्वांत वाईट म्हटले. जंगलभर विखुरलेली एका पुस्तकाची पाने गोळा करायची. खेळाडू आपसांत पानांची देवघेव करतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक पानाने पिशवीतली एक जागा अडवली आणि लोक वैतागले. गावात शिरताच काम देणाऱ्या डझनभर पात्रांच्या डोक्यांवर पिवळी उद्गारचिन्हे लुकलुकणे हाही दोषच, असे ते म्हणाले, कारण सगळी कामे एकदम उचलणारा एकही लक्षात ठेवत नाही. आणि मजकूर: एका क्वेस्टसाठी ५११ अक्षरांची मर्यादा होती. ती त्यांना आणखी कमी हवी होती.

डिसेंबर २००९ मध्ये क्वेस्टच्या जागा थेट नकाशावर दिसू लागल्या. सोय झाली, आधी लोक त्यासाठी बाहेरची साधने वापरतच होते. पण तेव्हापासून काम कोणाचे, कशासाठी, हे वाचण्याची गरज संपली. खुणेकडे जा, दहा मारा, परत या. ज्या गेमने ग्राइंडवर क्वेस्टचा उपाय काढला त्याच गेममध्ये क्वेस्ट हाच ग्राइंड झाला.

रूनस्केप या बाबतीत मला अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे ग्राइंडला ग्राइंडच म्हणतात. लाकूड तोडायचे तर तोडत राहा. क्वेस्ट मात्र वेगळ्या, मोजक्या, हाताने लिहिलेल्या, कोड्यांनी भरलेल्या, आणि प्रत्येकीला शेवट असलेल्या. अगदी पहिली पाहा. लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला केकसाठी अंडे, दूध आणि पीठ हवे आहे. तलवार लागतच नाही. गाय पिळावी लागते, शेतातला गहू खुडून पवनचक्कीत वरच्या मजल्यावर टाकावा लागतो, कळ ओढून खाली येऊन पीठ भरून घ्यावे लागते. खेळाडूला कळते की या जगात वस्तू कुठून तरी येतात. २००४ मधल्या 'वन स्मॉल फेवर'मध्ये प्रत्येक जण मदतीच्या बदल्यात आणखी एक काम गळ्यात मारतो आणि शेवटी अर्धे जग पालथे घालावे लागते. खेळाडू तिला आजही शिव्या घालतात, पण तिच्यातले गाव आणि माणसे विसरत नाहीत.

जुने ते हवे, ही मागणी दोन्ही गेमच्या खेळाडूंनी केली. रूनस्केपची ऑगस्ट २००७ मधली प्रत २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिथे नवी भर घालायची तर खेळाडूंचे मत घेण्याची प्रथा पडली. ब्लिझार्डने ऑगस्ट २०१९ मध्ये 'क्लासिक' आणला, नकाशावरच्या खुणांशिवाय. पहिल्या दिवसांत सर्व्हर इतके भरले की क्वेस्टमधला एकच राक्षस मारायला खेळाडू आपणहून रांग लावून उभे राहिले. रांगेचा नियम गेममध्ये कुठेही नव्हता. ही केवळ आठवणींची ओढ होती, असे म्हणणे मला पटत नाही. ज्या जगात वाट विचारावी लागते, तिथे शेजारी उभ्या माणसाशी बोलावे लागते, आणि नेमके तेच नव्या आवृत्त्यांमधून काढून टाकले गेले होते.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल त्यांनी क्लासिकमध्ये मानवी पात्र घ्यावे, लेव्हलची घाई न करता वेस्टफॉलला जावे, चार सोबती जमवून खाणीत उतरावे, आणि व्हॅनक्लीफपाशी सापडणारे पत्र पुढे पोचवण्याआधी उघडून वाचावे.