चिल्ला सरल्यावर आलेला बर्फ

नोव्हेंबर लागला की आमच्या मोहल्ल्यात काश्मिरी शालवाले येतात. पाठीवर गाठोडे, दारात सलाम, आणि "बाजी, घ्यायची नसली तरी बघून तरी घ्या" ही विनवणी. मशिदीमागच्या खोलीत चार महिने राहून फेब्रुवारी संपता संपता ते गावी परततात. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत हे दृश्य ओळखीचे आहे.

2005 च्या फेब्रुवारीत त्यांच्यातले एक वयस्क चाचा शाली विकायचे सोडून एसटीडी बूथवर बसलेले आम्ही पाहिले. एकच नंबर पुन:पुन्हा फिरवत होते आणि लागत नव्हता. त्यांचे घर काझीगुंडच्या बाजूला होते. आम्ही विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, "बर्फ पडतोय. थांबतच नाही."

आम्हांला त्याचे गांभीर्य कळले नाही. काश्मीरमध्ये बर्फ पडायचाच, असे आम्ही मनात म्हटले.

काश्मिरी माणूस हिवाळा दिवसांनी मोजतो. आपल्याकडे बाळंतिणीचा चिल्ला मोजतात, तसाच हा थंडीचा चिल्ला. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, म्हणजे मोठा चिल्ला. पुढचे 20 दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे 10 दिवस चिल्लई बच्चा. मोठ्या चिल्ल्यासाठी घरे आधीपासून तयार असतात. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला भोपळा, वांगी आणि टोमॅटो, साठवलेला तांदूळ, फेरनच्या आत धरायची कांगडी आणि तिच्यासाठी कोळसा. मोठा चिल्ला सरला की घरातल्या बायका सुटकेचा श्वास टाकतात.

त्या वर्षी घात झाला तो मोठा चिल्ला सरल्यावर. भूमध्य समुद्राकडून येणारे थंडीतले वादळी वारे हिमालयाला धडकले की तिथे बर्फ पडतो. फेब्रुवारीत हे वारे एकामागून एक आले आणि दिवसच्या दिवस बर्फ पडत राहिला. जम्मू-श्रीनगर रस्ता बंद झाला. 1956 साली सुरू झालेला जवाहर बोगदा हीच तेव्हा खोऱ्यात जाण्याची मुख्य वाट होती आणि तिच्या दोन्ही तोंडांना बर्फ साचला. गाड्या अडकल्या, विजेच्या तारा तुटल्या, टेलिफोन मुके झाले. चाचांचा फोन लागत नव्हता तो यामुळे.

पीर पंजालच्या उतारावर, आजच्या कुलगाम जिल्ह्यात, वल्टेंगू नार नावाची वस्ती आहे. गुरे-मेंढ्या आणि मोलमजुरीवर जगणाऱ्या गरिबांची. सपाट, सुपीक जमीन आधीच दुसऱ्यांची झालेली असते, म्हणून गरिबाचे घर डोंगराच्या अंगाला चढते. 18 ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान वरचा बर्फ सुटला आणि वस्तीवर आला. दीडशेहून अधिक माणसे तिथे गाडली गेली. खोऱ्यात त्या दिवसांत गेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर होती. मोहरमचे दिवस होते ते.

बर्फाचा कडा असा अचानक का सुटतो? जुन्या बर्फाचा वरचा थर थंडीने कडक, गुळगुळीत होतो. त्यावर थोड्या दिवसांत भरमसाट नवा बर्फ साचला की दोन थर एकमेकांना धरून राहत नाहीत. उतार साधारण 30 ते 45 अंशांचा असेल तर वरचा थर घसरतो आणि वाटेतले सगळे सोबत घेऊन खाली येतो. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. रस्ते बंद असताना बाहेरची मदत पंधरा मिनिटांत कुठून येणार? अशा वेळी हाताशी असतात ते शेजारीच, आणि तेही त्याच बर्फात.

आपल्याला हे परके वाटायला नको. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण डोंगराखाली गेले तेव्हाही सुमारे दीडशेच माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळले. तिथे बर्फ नव्हता, चिखल होता. पण उतार, सलग कोसळणारे आभाळ आणि उतारावरचे गरीब घर हे तिन्ही तेच.

माळीण महाराष्ट्राच्या लक्षात राहिले. वल्टेंगू नार का राहिले नाही? त्याच्या दोन महिने आधी, 26 डिसेंबर 2004 ला, त्सुनामी येऊन गेली होती. लाखोंच्या आकड्यानंतर दीडशे हा आकडा लोकांना लहान वाटला. जुलैत मुंबई बुडाली. आणि 8 ऑक्टोबरला, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, काश्मीरमध्ये भूकंप झाला. सीमेपलीकडे सत्तर हजारांहून अधिक आणि अलीकडे उरी-तंगधार भागात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर 2005 म्हटले की भूकंप, असेच समीकरण झाले.

इथे आमचीही एक कबुली आहे. फेब्रुवारीतच चाचांना अखेर खबर मिळाली. घरचे सुखरूप होते, पण ओळखीतली काही कुटुंबे वल्टेंगू नारला गेली होती. त्यांनी मशिदीत एवढेच सांगितले, "जुम्याला त्यांच्यासाठी दुआ करा." आम्ही होकार दिला. त्या जुम्याला दुसरेच विषय निघाले, पुढच्या जुम्याला कुणालाच आठवले नाही, आणि चाचा गावी निघून गेले. ऑक्टोबरात भूकंपासाठी आम्हीच दारोदार फिरून रजया आणि पैसे जमा केले. ते केले हे बरेच झाले. पण एका माणसाने समोर उभे राहून मागितलेली दुआ राहिली ती राहिलीच.

आज काझीगुंड-बनिहालदरम्यान साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा आहे, रेल्वेही खोऱ्यात पोहोचली आहे. हिमस्खलनाचे इशारे आता मोबाईलवर येतात. पण उतारावरच्या घरात इशारा पोहोचला तरी त्या रात्री मुलाबाळांना घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर तिथे जवळपास तयार असले पाहिजे. काश्मीरपासून सह्याद्रीपर्यंत हा प्रश्न एकच आहे.

आता चाचा येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. गेल्या हिवाळ्यात त्याला चहाला बसवून आम्ही वल्टेंगू नारचे विचारले. तो क्षणभर बघतच राहिला. म्हणाला, "इकडे हे नाव कुणी घेतलेले मी पहिल्यांदाच ऐकतोय." त्या जुम्याला, खूप वर्षांनी, ती दुआ झाली.

वाचकहो, या हिवाळ्यात तुमच्या दारी शालवाला आला तर भाव करण्याआधी त्याला एक विचारा: यंदा घरी बर्फ किती आहे?