पहाटेचा पहिला खेळ आणि आकडीचा आजार

नवा चित्रपट येणार म्हटले की काही घरांतले वातावरण आठ-पंधरा दिवस आधीपासून बदलते. ट्रेलर कधी येणार, नायिका कोण घेतली, खलनायकाचे काम कोणाला मिळाले, तारीख पुढे तर ढकलली नाही ना, या चौकशा जेवणाच्या ताटावरही चालू असतात. वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. परंतु पूर्वी जिल्ह्याच्या गावी रिक्षाला कर्णा बांधून चित्रपटाची जाहिरात होत असे, टॉकीजच्या काचेच्या पेटीत फोटो लागत आणि शाळा सुटली की पोरांचा घोळका त्या पेटीपुढे उभा राही. आता ती पेटी हातातल्या फोनमध्ये आली, इतकेच. आज कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी आपले ते दिवस जरा आठवून पाहावेत.

या उत्सुकतेत मुळात वाईट काही नाही. उलट वाट पाहण्यात जो आनंद असतो, तो मेंदूच्या घडणीतच आहे. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. माकडाला एक खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने फळाच्या रसाचे थेंब द्यायचे. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी उद्दीपित होत. पण खूण आणि रस यांचा संबंध माकडाला कळल्यावर त्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उद्दीपित होऊ लागल्या. आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ठरलेल्या वेळी त्या पेशींचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. १९९७ साली या विषयावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख गाजला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली माणसांवर संगीताचा प्रयोग केला. आवडती जागा यायच्या आधीच मेंदूत डोपामिन स्रवू लागते, असे त्यांना आढळले.

ट्रेलर ही अशीच खूण आहे. म्हणूनच चित्रपटापेक्षा कधी कधी ट्रेलरच जास्त रंगतो आणि चित्रपटाची तारीख पुढे गेली की मुले खरोखरच हिरमुसतात. 'पुष्पा २' १५ ऑगस्ट २०२४ ला येणार होता, तो डिसेंबरवर गेला. 'छावा' ६ डिसेंबर २०२४ चा १४ फेब्रुवारी २०२५ वर गेला. घरातल्या मुलाची त्या दिवसांतली चिडचिड हा नुसता लाडावलेपणा नव्हता.

अर्धवट राहिलेली गोष्टही मनाला टोचत राहते. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत सगळ्या देशाला पुरला. अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसाला असते, हे बर्लिनमधल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ सालीच दाखवले होते. चित्रपटवाल्यांनी तिचा व्यापार केला.

नटनट्यांच्या निवडीवरून भांडणे होतात, त्याचे कारण वेगळे आहे. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी आपण त्याला घरचा मानतो. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या एकतर्फी नात्याचे वर्णन केले. ऑगस्ट २०२३ मध्ये 'डॉन'च्या तिसऱ्या भागासाठी शाहरुख खानऐवजी रणवीर सिंग जाहीर झाला, तेव्हा कित्येकांना आपल्याच माणसाला घराबाहेर काढल्यासारखे वाटले. आपल्याकडे तर 'छावा'च्या ट्रेलरमधील लेझीमच्या दृश्यावरून जानेवारी २०२५ मध्ये एवढा क्षोभ उसळला, की दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना काही दिवसांतच ते दृश्य काढत असल्याचे जाहीर करावे लागले. तिथे प्रश्न नटाचा नव्हता, राजांचा होता. पण एवढ्याशा तुकड्यात किती भावना गुंतलेल्या असतात, ते त्यावरून दिसले.

एवढे सांगण्याचे कारण एका आईचे पत्र. नाव-गाव अर्थातच देत नाही. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. तीन वर्षांपासून आकडीच्या आजारावर गोळ्या चालू आहेत आणि गेले वर्षभर एकही फिट आलेली नाही. त्याच्या आवडत्या नटाचा चित्रपट लागणार आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पहाटेचा खेळ आहे आणि मित्रमंडळी रात्रभर जागून मोटारसायकलींवर जाणार आहेत. मुलाने तारखेपर्यंतचे दिवस भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहेत. आई विचारते, जाऊ द्यावे का? नाही म्हटले तर तो दोन दिवस जेवत नाही, आणि हो म्हणायला जीव धजत नाही.

ताई, चित्रपटाला जाऊ द्यावे. पहाटेच्या खेळाला मात्र जाऊ देऊ नये.

आकडी, फेफरे, मिरगी, अपस्मार ही एकाच आजाराची नावे. मेंदूतल्या पेशी एकदम आणि बेशिस्तपणे विजेचे संदेश सोडू लागल्या की फिट येते. गोळ्या या पेशींना आवर घालतात. तो आवर सुटण्याची दोन कारणे फार वारंवार दिसतात, चुकलेली गोळी आणि जागरण. पहाटेच्या खेळात ही दोन्ही एकत्र येतात. रात्री जेवण वेळेवर नाही, गोळी घरी राहिलेली, वर मित्रांचा पोटभर चहा किंवा ताकद देणारी म्हणून विकली जाणारी ती डबाबंद पेये. पौगंडावस्थेत सुरू होणाऱ्या एका प्रकारात तर जागरणानंतरच्या सकाळीच झटके येतात. हातातला कप एकदम उडतो, दात घासताना ब्रश सुटतो. घरचे त्याला वेंधळेपणा म्हणतात. तुमच्या मुलाला सकाळी असे होते का, हे पाहून डॉक्टरांना अवश्य सांगावे.

सतराव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते. निरोगी मुलाची एक रात्र बुडाली तर तो दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगेल, एवढेच. या मुलाच्या बाबतीत तो हिशेब चालत नाही. ट्रेलर मध्यरात्री येणार म्हणून फोन हातात घेऊन बसणेही त्याच खात्यात धरावे. ट्रेलर सकाळीही तोच असतो.

मोटारसायकलचा प्रश्न तर याहून गंभीर. आकडीच्या रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. अठरा वर्षे पुरी नसताना तर कायद्यानेही नाही. मागे बसून जाणेही जागरणानंतर धोक्याचेच, आणि पुढचा मित्रही रात्रभर जागलेलाच असणार. एस. टी. ने जावे.

पडद्यावरच्या लखलखाटाबद्दलही पत्रात विचारले आहे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' या मुलांच्या दूरदर्शन मालिकेत लाल-निळा प्रकाश भरभर चमकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१८ साली 'इन्क्रेडिबल्स २' या चित्रपटाच्या वेळी अमेरिकेत चित्रपटगृहांनी दारावर सूचना लावल्या होत्या. तरीही घाबरून जाऊ नये. आकडीच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांनाच प्रकाशाच्या लखलखाटाने फिट येते. मुलांमध्ये हे प्रमाण काहीसे जास्त असते. तुमचा मुलगा त्यांत आहे की नाही, हे ई. ई. जी. तपासणीत दिवा चमकवून पाहिलेले असते. जुना कागद काढून डॉक्टरांना दाखवावा. असेलच, तर मागच्या रांगेत बसावे आणि लखलखाट सुरू होताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही प्रकाश आत जातो.

पहिल्या खेळाला आणखी एक धोका असतो आणि तो निरोगी माणसालाही आहे. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरमध्ये 'पुष्पा २'च्या खेळाला नट आल्यावर चेंगराचेंगरी झाली. एक स्त्री दगावली, तिचा लहान मुलगा अत्यवस्थ झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'टायगर ३'च्या वेळी मालेगावच्या मोहन टॉकीजमध्ये चाहत्यांनी आत फटाके उडवले. सुदैवाने निभावले. दिल्लीच्या उपहारमध्ये १३ जून १९९७ रोजी 'बॉर्डर' चालू असताना आग लागली आणि ५९ माणसे गेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून. म्हणून आत गेल्यावर आधी बाहेर जाण्याचे दरवाजे पाहून ठेवावेत. गर्दीच्या मधोमध फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवायला जागाही मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जाता जाता हृदयरोग्यांसाठी एक गोष्ट. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची संख्या अडीचपटीहून अधिक झाली होती. ते सामने होते, चित्रपट नव्हते, तेव्हा कोणी चित्रपटाला जायचे सोडू नये. पण अँजिओप्लास्टी होऊन महिनाही झाला नसताना तिकिटाच्या धक्काबुक्कीत उभे राहणारे आजोबा आमच्या माहितीत आहेत.

चाहतेपणाला आजार केव्हा म्हणावे, असे आणखी दोन पत्रांत विचारले आहे. भिंतीवर फोटो लावणे, कमावलेल्या पैशांतून तिकीट काढणे, मित्रांशी हुज्जत घालणे हा आजार नव्हे. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, अभ्यास सुटला, घरातले पैसे न विचारता जाऊ लागले, नटाला कोणी बोलले म्हणून जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर थांबू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठी आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

ताई, पत्रातले एक वाक्य मात्र खटकले. आजाराबद्दल मित्रांना सांगू नकोस, अशी मुलाला घरची ताकीद आहे. आकडीला अजूनही लोक बाहेरचे समजतात, लग्नाच्या वेळी अडचण होते, हे खरे. मुलीच्या बाबतीत तर फारच. पण चित्रपटगृहातल्या अंधारात शेजारी बसलेल्या मित्राला काहीच ठाऊक नसेल, तर तो घाबरून चप्पल हुंगवेल किंवा दातांत चमचा घालील. म्हणून निदान एका विश्वासू मित्राला घरी बोलावून पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

फिट आली की घड्याळ पाहायचे. खुर्चीतून पडू लागला तर सावकाश खाली घेऊन डोक्याखाली रुमाल किंवा सदरा द्यायचा, आजूबाजूची माणसे मागे सारायची. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात बोट, चमचा, पाणी, काहीही घालायचे नाही. कांदा नको, चप्पल नको. झटके थांबले की कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ घशात जात नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोडून जायचे नाही. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, एकामागून दुसरी फिट आली, किंवा डोक्याला मार बसला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

तिकीट दुपारी बाराचे काढावे. आदल्या रात्री दहाला झोप, सकाळची गोळी नाश्त्याबरोबर, आणि रात्रीच्या गोळीपूर्वी घरी. पहाटेचा खेळ पाहून आलेल्या मित्रांनी शेवट सांगून टाकू नये, एवढी गळ त्यांना मुलानेच घालावी.