दोन गोळ्यांची बेरीज

श्रोतेहो, अंग ठणकू लागले आणि एका गोळीने भागले नाही, की दुसरी घ्यायची, ही आपल्या घराघरांतली रीत. परंतु औषधांची बेरीज नेहमी सरळच असते काय?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी उंदरांवर तपासला. उंदराच्या पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचले, की तो अंग पिळून आळोखेपिळोखे देतो. ते मोजायचे. ज्या मात्रेने त्यांची संख्या निम्मी होते, ती मात्रा टिपून ठेवायची. समजा, एका औषधाची ही मात्रा ४० आणि दुसऱ्याची २० आहे. साध्या बेरजेने २० व १० मिळून तोच गुण यावा. तो १० व ५ मध्येच आला, तर ती औषधे एकमेकांचे बळ वाढवतात, असे म्हणावे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या कुळातील औषधे यांच्या जोडीत असा गुण उंदरांत दिसला आहे. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. आयबुप्रोफेनही त्याच वाटेने जाते. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदूत व मज्जारज्जूत चालते. वाटा दोन, म्हणून लाभ अधिक.

पण आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकाच कुळातले. दोन्ही एकदम घेतल्यास जठरातील रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका मात्र वाढतो. आळोखेपिळोखे मोजणाऱ्या प्रयोगात ही हानी मोजलीच जात नाही!

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. येथील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. उंदराचे दुखणे घटकाभराचे. या कळा कित्येक दिवस टिकतात. त्यातच या रोगाने मूत्रपिंड आधीच दुबळे झालेले असू शकते. अशा रोग्याला दुकानातून मनाने दोन-तीन गोळ्या आणून देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणे होय.

तयार जोडगोळ्याही सगळ्याच निर्दोष नसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत ॲसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉलची एक जोडीही होती. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते. तापाची वेगळी गोळी घेतली, तर नकळत मात्रा दुप्पट होते आणि भार यकृतावर पडतो.

म्हणून वेष्टनावरची नावे वाचावीत, वाचता येत नसतील त्यांना वाचून दाखवावीत, आणि बेरीज डॉक्टरांना करू द्यावी.